वारेच्या वासावर

धामणदऱ्यात चांगुणाबाई सुईण होती, आणि तिचा दरारा तलाठ्यापेक्षा जास्त होता. बाळ झालं, रडलं, आईच्या कुशीत गेलं, की बाकीच्या बायका हुश्श करून चहाच्या नादाला लागायच्या. चांगुणाबाईचं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. वार पडेपर्यंत ती जागची हलायची नाही. वार पडली की स्वतः उचलायची, उलटीपालटी करून बघायची, तुकडा आत राहिला नाही ना याची खात्री करायची, आणि मग घरामागे ढोपरभर खड्डा खणून पुरायची. वर मूठभर मीठ, मग माती, आणि मातीवर एकट्या माणसाला हलणार नाही असा दगड. एकदा सहादेवच्या आईने सुनेची वार उकिरड्यावर फेकली, तर चांगुणाबाईने तिला अख्ख्या आळीसमोर असं झापलं की म्हातारीने आठ दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही.

"अगं भवाने," चांगुणाबाई ओरडली होती, "वारंचा वास कुत्र्याला दोन कोसावरनं येतो! आज वार खाईल, उद्या ज्याची वार हाय त्ये लेकरू हुडकत यील!"

गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर झालेली. पण ज्या घरात यश यायला हवं होतं तिथेच तिच्या हाताला यश नव्हतं. तिची एकुलती एक लेक गीता. गीताची पहिली दोन्ही बाळं निळीजांभळी, मुकी जन्मली. दुसऱ्या वेळी चांगुणाबाईने नाळ न कापता वार तव्यावर घेऊन निखाऱ्यावर शेकली. जुन्या सुइणींचा तो शेवटचा उपाय, वारेची ऊब नाळेतून बाळाकडे जाते म्हणतात. बाळाने एकच श्वास घेतला आणि सोडला. तो एक श्वास चांगुणाबाईच्या कानातून चार वर्षं गेला नव्हता. आता गीताला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, नववा सरत आला होता, आणि चांगुणाबाईला अन्नाचा घास गोड लागत नव्हता.

अन्न तरी कुठलं म्हणा. त्र्याहत्तर सालचा वैशाख होता. जामखेडच्या त्या भागात दुसरं वर्ष पावसाचा थेंब नव्हता. सगळं गाव दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या खोदाईला जात होतं. मिळणारी तांबडी मिलो ज्वारी आणि दुपारची मूठभर सुकडी यावर माणसं तगून होती. गीताचा नवरा जालिंदर सुप्याकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेला. त्यामुळे भरल्या दिवसांची गीताही आईबरोबर मातीच्या पाट्या उचलत होती. कामावर आलं नाही तर सुकडी नाही, असा साधा हिशेब होता.

बांधाच्या पायासाठी खोल चर खणायचं काम आसाराम मुकादमाच्या टोळीकडे होतं. आसाराम म्हणजे मोठ्या आवाजाचा, भित्र्या मनाचा माणूस. मांजर आडवं गेलं तरी घरी परतून पाणी पिऊन येणारा. त्या सोमवारी दीड पुरुष खोलीवर काळा खडक फुटला आणि खाली त्याची पहार पडली. खडकावर पडलेली पहार ठणकन वाजते, हाताला झिणझिण्या येतात. ही वाजलीच नाही. बदकन बसली आणि वीतभर आत गेली.

दुपारपर्यंत त्यांनी खडकाच्या कपऱ्या काढून जागा मोकळी केली. खाली खळ्याएवढं गोल काहीतरी पसरलेलं होतं. सुकलेल्या रक्ताच्या रंगाचं, वाळलेल्या कातड्यासारखं. त्याच्यावर मांडीएवढ्या जाड शिरा होत्या, कडेपासून निघून मधोमध एकत्र आलेल्या, आणि मधोमध मोटेच्या नाड्यासारखा पीळ पडलेला एक प्रचंड दोर निघून आडवा खडकात शिरला होता.

आसारामने पहार टाकली, चपला काढल्या आणि लोटांगण घातलं. "द्येव निघाला!" तो म्हणाला. "दुस्काळात द्येव निघाला रं!"

झालं. तासाभरात कुणी शेंदूर आणला, कुणी तेलाची बुधली. घरात फोडणीला तेल नव्हतं, पण देवावर ओतायला निघालं. चांगुणाबाई चराच्या काठावर पाटी घेऊन उभी होती. तिच्या घरच्यांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडून दिले होते. तेव्हापासून तिला दगड दिसला की दगडच दिसायचा. त्यामुळे तिने लोटांगण घातलं नाही, नुसतं बघितलं. बघता बघता तिने हातातली पाटी खाली टाकली.

दाईपासून पोट लपत नाही म्हणतात. वार तरी कशी लपेल? वारेची एक बाजू खरबरीत असते, आईच्या अंगाला चिकटलेली. दुसरी बाळाकडची, गुळगुळीत, तिच्यावर शिरांचं झाड असतं आणि त्या झाडाच्या बुंध्यातून नाळ निघते. अशा दोनतीनशे वारा तिने या हातांनी उलटून बघितल्या होत्या.

"मुकादम," ती वरून ओरडली, "द्येव न्हाई त्यो. वार हाय ती. कुणीतरी पुरलीया. दगुड ठिवून पुरलीया. बुजवा आधी!"

चरात हशा पिकला. "खळ्याएवढी वार?" आसाराम म्हणाला. "हत्तीन याली व्हती का काय हितं? उचलली जीभ लावली टाळ्याला! द्येवाला वार म्हंतीस? त्वांड सांबाळ, चांगुणे. तुमाला द्येव नकु आसंल, आमाला हाय."

तिच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. कामावर रोज आठदहा कुत्री सुकडीच्या वासाने घुटमळत असायची. वार उघडी पडली तर ती सगळ्यात आधी धावून यायला हवी होती. त्याऐवजी शेपट्या पोटाशी घालून ती बांधावरून गावाकडे पळत सुटली होती. संध्याकाळी गावातही एक कुत्रं दिसलं नाही. वाघाच्या शिकारीला कुत्रं तोंड लावत नाही, हे चांगुणाबाईला बापाने लहानपणी सांगितलं होतं. तिला आता ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब गुरुजी आले. प्राथमिक शाळेचे मास्तर, उन्हाळ्याच्या सुट्टीत कामावर हजेरी घ्यायचे. नगरहून येणारं वर्तमानपत्र ते शिळं झालं तरी पहिल्या ओळीपासून वाचायचे, आणि माणूस चंद्रावर उतरला ही बातमी त्यांनी गावाला इतक्या वेळा सांगितली होती की जणू शिडी त्यांनीच धरली होती. ते चरात उतरले, चष्मा पुसून पुसून बघत राहिले आणि वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"चांगुणाबाई, तुम्ही काल काय म्हणालात म्हणे?"

"वार हाय, गुरुजी."

"वरचा काळा खडक कोट्यवधी वर्षांचा आहे हो. तेव्हा माणूस काय, माकडसुद्धा नव्हतं. मग ही कुणाची?"

चांगुणाबाईला कोटी म्हणजे किती ते कळत नव्हतं. ती म्हणाली, "वार जिची आसती तिची नसती, गुरुजी. ज्याला पोसती त्याची आसती. कुनीतरी आय हुती, तिनं जलम दिला आन वार पुरून निघून ग्येली. आता ल्येकरू कोन त्ये तुमी हुडका, शिकल्याली मानसं तुमी."

गुरुजींनी मान वर केली. ते आभाळाकडे बघत होते. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, बांधाच्या बरोब्बर वर एक चांदणी होती. टाचणीच्या टोकाएवढी, पांढरी. गुरुजींनी तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ती दाखवली आणि मोठ्या उत्साहाने सांगितलं की अमेरिकेने आभाळात माणसं राहायला घर सोडलंय, तेच हे असणार. लोकांनी हात जोडले. पण संध्याकाळी त्यांनी चांगुणाबाईला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "अमेरिकेचं घर फिरतं असतं, बाई. हे हलत नाही. आणि कालपेक्षा मोठं झालंय."

चौथ्या दिवशी आसारामने कहर केला. पाऊस रुसला की गावोगाव महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे देव गुदमरतो आणि पाऊस सोडतो. आसारामने ठरवलं की नव्या देवालाही कोंडायचं. माणसांना प्यायला आलेला अख्खा टँकर त्याने चरात रिकामा केला. बायका रिकाम्या कळशा घेऊन रडत होत्या, बाप्ये 'हर हर महादेव' करत होते. चरात गुडघाभर पाणी उभं राहिलं आणि आटायला लागलं. मातीत मुरतं तसं नाही. तान्हं पोर ओढतं तसं, घोटाघोटाने, मध्ये थांबून, पुन्हा. अर्ध्या तासात चर कोरडा झाला. त्या वाळक्या कातड्याला तुकतुकी आली, शिरा टरटरून भरल्या, आणि मग सगळ्यांच्या देखत एक ठोका पडला. पायांखालची जमीन उचलून खाली बसली. मग दुसरा ठोका.

चांगुणाबाई खाली उतरली. उतरलीच, कारण बाळंतपणात घाबरून चालत नाही ही सवय तीस वर्षांची. तिने त्या मोठ्या नाळेवर तळहात ठेवला. नाळ ऊबदार होती. दुसऱ्या हाताने तिने सवयीने स्वतःची नाडी धरली. दोन्ही ठोके एकदम पडत होते. तिने शेजारच्या बाईचं मनगट धरलं, मग आसारामचं. गुरुजी मनगटावरचं घड्याळ बघत एकेकाची नाडी तपासत फिरले. तीनशे माणसं, म्हातारी आणि पोरं, सगळ्यांची नाडी एका तालात चालली होती.

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकरू कोण ते कळलं मला," ते हळू आवाजात म्हणाले. "आपणच. माणसाची जात इथली नाहीच, बाई. तिकडून कुणीतरी येऊन आपल्याला इथे जन्म दिला. आणि आता ती येतीय. चांदणी बघा केवढी झालीय. आपली आई येतीय!"

चांगुणाबाईने वर बघितलं. चांदणी हरभऱ्याएवढी झाली होती.

"आय?" ती म्हणाली. "गुरुजी, आय वारंसाटी माघारी येत न्हाई कदी. आयनं ती पुरली, वर दगुड ठिवला, का तर वास जाऊ नये. आपुन उकारली, तेल लावलं, पानी पाजून ताजी केली. वारंच्या वासावर कोन येतं, त्ये मला ठावं हाय."

गुरुजींचा हात घड्याळावर तसाच राहिला. बांधावर एकही कुत्रं नव्हतं.

त्या दिवशी दोघांनी मिळून आसारामची मनधरणी केली, पण पालथ्या घड्यावर पाणी. तीन गावांची माणसं दर्शनाला यायला लागली होती आणि आसाराम पुजारी झाला होता. उद्या सकाळी पोरांना हाताशी धरून आपणच माती लोटायची, असं चांगुणाबाई आणि गुरुजींनी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर येताच गीताला कळा सुरू झाल्या.

घरी न्यायला वेळच मिळाला नाही. बांधाच्या आडोशाला लुगडी धरून बायकांनी कोंडाळं केलं. दीड तासात गीता मोकळी झाली. मुलगा. निळाजांभळा. मुका.

चांगुणाबाईने त्याला पालथं धरलं, पाठ चोळली, तोंडातला चिकटा बोटाने काढला, टाळूवर फुंकर घातली. नाही. वार पडली. सुकडीच्या चुलीतले निखारे घमेल्यात ओढून तिने वार शेकली, नाळ पिळून पिळून ऊब बाळाकडे लोटली. नाही. गीता रडत नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते बघणं चांगुणाबाईला सोसवेना. दोनदा तिने याच नजरेला मान हलवून उत्तर दिलं होतं.

पायांखाली ठोके पडत होते. संथ, दांडगे, तीनशे माणसांना पुरतील असे.

तिला सगळं ठाऊक होतं. वर काय आहे, कशाच्या वासावर आहे, आणि बाळाची वार त्या वारेला लावली तर तो वास कुणाच्या अंगाला लागेल, तेही. चांगुणाबाई अडाणी होती पण भोळी नव्हती. तिने बाळ आणि वार दोन्ही पदरात घेतली आणि चराकडे धावली.

आसाराम पहार आडवी धरून उभा राहिला. "इटाळ! द्येवाला इटाळ हुईल! म्हागं हो!"

"मुकादम, तुमाला बी म्याच हातावर घ्येतलंय," ती म्हणाली. "सरका."

गुरुजींनी त्याच्या हातातली पहार काढून घेतली. चांगुणाबाई उतरली. तिने नातवाची ओलीकच्ची वार त्या मोठ्या वारेवर ठेवली, शिरांचं झाड शिरांच्या झाडावर. एक ठोका पडला. दोन. तिसऱ्या ठोक्याला नाळ बोटभर फुगली, बाळाचं पोट उचललं गेलं, निळा रंग तोंडावरून खाली उतरत गेला, आणि पोराने असा टाहो फोडला की बांधावर गीता ओक्साबोक्शी रडायला लागली.

त्याच क्षणी चरात, काठावर, रस्त्यावर, जिथे जिथे माणूस होतं तिथे त्याने बेंबीवर हात नेला. आतून कुणीतरी दोरी ओढल्यासारखी कळ गेली. आसाराम पोट धरून गुडघ्यावर आला. माणसं किंचाळायला लागली. कुणीतरी वर बोट दाखवलं. चांदणी आता लिंबाएवढी होती, आणि तिच्या कडा हलत होत्या, हुंगताना नाकपुड्या हलतात तशा.

चांगुणाबाईने नातवाची वार उचलायला हात घातला. ती निघेना. ती खालच्या वारेत एकजीव झाली होती. मग तिने कनवटीचं ब्लेड काढलं, दोऱ्याने नाळ बांधली, कापली आणि पोराला छातीशी घेऊन चरातून वर येत ओरडली, "बुजवा! जीव प्यारा आसंल तर बुजवा!"

या वेळी कुणी हसलं नाही. माणसांनी फावड्यांनी, पाट्यांनी, हातांनी माती लोटली. आसाराम सगळ्यांत पुढे होता. दिवस कलताना चर भरला, वर धोंडे लोटले. ठोके आधी मंद झाले, मग बंद पडले. आभाळात काही उरलं नाही. माणसं आपापल्या नाड्या धरून बसली होती आणि ज्याची त्याची नाडी ज्याच्या त्याच्या चालीने चालत होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं गुरुजी म्हणाले, पण त्यांनाही हसू आलं नाही.

दोन दिवस बरे गेले. पोर दणकट निघालं. गीता त्याला अंगावर घ्यायची आणि एकटीच हसायची. चांगुणाबाई मात्र रोज सकाळी अंगणात येऊन बघायची, कुत्री आली का. कुत्री आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाळाची दुपटी वाळत घालायला बाहेर आली आणि तिने वर बघितलं. चांदणी परत आली होती. बांधावर नाही. त्यांच्याच घराच्या बरोब्बर वर.

गुरुजी धावत आले. दोघं चुलीपाशी बसले. पलीकडे बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत गीता पोराला थोपटत होती.

"बेंबीचं देठ," चांगुणाबाई हलक्या आवाजात म्हणाली. "नाळ कापली, पर वीतभर देठ पोराच्या आंगावर ऱ्हायलं. त्यात त्या थोरल्या वारंचं रगत हाय. त्याचा वास येतोय."

"मग काढून टाका ते."

"वलं देठ वडलं तर पोर रगत जाऊन मरंल. त्येचं त्येनंच पडाया पायजे. पाच दिस लागत्यात. कदी सात."

आणि मग ते मोजणं सुरू झालं. असे दिवस वैऱ्यावर येऊ नयेत. बाकीच्या घरांत नाळ पडायची वाट कौतुकाने बघतात. इथे चांगुणाबाई दिवसातून दहा वेळा दुपटं बाजूला करायची, देठ बघायची आणि अंगणात येऊन आभाळ बघायची. चौथ्या दिवशी देठ काळं पडलं, पण मुळाशी ओलं होतं. वर आभाळात चांदणी लिंबाएवढी. पाचव्या दिवशी देठ सुकलं, पण घट्ट होतं. आभाळातलं ते वाटीएवढं झालं आणि घरावर सावली पडायला लागली, भर उन्हात, ढग नसताना. सहाव्या दिवशी शेजारच्या घरांतली माणसं गाठोडी बांधून शेतात राहायला गेली. सावलीत गार वाटत नव्हतं. सावलीत ओलसर, ऊबदार वारा होता. तो येत होता आणि जात होता.

"आये, भाईर काय हाय?" गीता विचारायची.

"काय न्हाई. ढग हाय. तू पाज त्येला."

गीताला सगळं कळत होतं. तिने नंतर विचारलं नाही, फक्त पोराला जास्त घट्ट धरलं. रात्री तर ती झोपेतही हात सैल करत नसे.

सातव्या दिवशी दुपारी चांगुणाबाई ओल्या फडक्याने पोराचं अंग पुसत होती. देठ तिच्या बोटांना लागलं आणि सहज, पिकलं पान गळावं तसं, तिच्या तळहातावर आलं. बेंबी स्वच्छ होती, कोरडी. तिने पोराच्या पोटावर ओठ टेकले. बाहेर घराच्या छपरावरची कौलं वर खाली होत होती, श्वास घेतल्यासारखी.

तिने देठ पदराच्या टोकाला बांधलं, वर गाठ मारली आणि चप्पल न घालता दाराकडे निघाली.

"आये, कुटं चाललीस?"

"नाळ पुरून येते."

"मागं परड्यात पूर की. हितं जवळ."

चांगुणाबाई उंबऱ्यात थांबली. तिने लेकीकडे बघितलं. तिला खूप भीती वाटत होती, आणि ती लपवायला आता वेळ नव्हता. "बगत्या कुत्र्याम्होरं पुरू न्हाई, गीते. उकारतंच त्ये. मागल्या टायमाला लांब हुतं, म्हून निभावलं. आता घराम्होरं यून बसलंय. आता त्येला लांब न्यायाचं आसतं." मग ती म्हणाली, "भाईर यू नगं. बाळंतीन हायस तू. आन मला हाक मारू नगं. म्या वळून बगीन."

गीता खाटेवरून उठली. भिंत धरून धरून दारापर्यंत आली, पोर छातीशी धरून. उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

आई रस्त्याने नाही, उघड्या माळाने चालली होती, जिकडे घर नाही, झाड नाही, नुसता खडक. लहानखुरी बाई, पदर मुठीत. काही पावलं झाली आणि घरावरची सावली हलली. छपरावरून अंगणात उतरली, कुंपण ओलांडून माळावर गेली आणि आईच्या मागे मागे निघाली. सावकाश. खेळल्यासारखी. आई पळत नव्हती. कुत्र्यापुढे पळू नये हेही तिनेच गीताला शिकवलं होतं.

गीताच्या ओठांवर हाक आली. अख्ख्या अंगातून आली. तिने ती पोराच्या टाळूवर तोंड दाबून आत ढकलली. सावलीने आईला गाठलं तेव्हा आई एकदाच अडखळली, पण तिने मागे बघितलं नाही. मग माळावर सावलीच तेवढी होती, मग तीही नव्हती, आणि ऊन होतं तसं पडलं.

गावातून एक कुत्रं भुंकलं. मग दुसरं.

संध्याकाळी गुरुजी, आसाराम आणि चार माणसं माळावर गेली. गीता सात दिवसांची बाळंतीण, कुणाचं न ऐकता पोराला घेऊन मागोमाग गेली. माळावर खळ्याएवढी एक गोल जागा होती. तिथे माती नव्हती, खडा नव्हता, वाळक्या गवताची काडी नव्हती. खडक ताटासारखा चाटूनपुसून स्वच्छ केलेला होता, आणि अजून ओला होता.

आसारामने सवयीने खिशातून शेंदराची पुडी काढली. गीताने त्याच्याकडे बघितलं. त्याने पुडी परत खिशात ठेवली आणि मान खाली घातली.

गीताने पोर गुरुजींच्या हातात दिलं. घरून आणलेलं घमेलं घेऊन ती माळाच्या कडेला गेली, माती भरली, आणली, त्या जागेवर पसरली. पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला आसारामने तिच्या हातातून घमेलं घेतलं आणि बाकीचीही माणसं मातीला लागली. खडक दिसेनासा झाला तेव्हा गीताने कनवटीतून मीठ काढून मूठभर टाकलं आणि त्यावर आणखी माती ओढली. मग तिने आजूबाजूला बघून एक धोंडा निवडला. एकटीने हलवून बघितला. हलेना. हाच बरोबर, असं ती म्हणाली, आणि तिने माणसांना हात लावायला बोलावलं.